आवाज ताणू नकोस, काप

प्रश्न : दादा, मी लॅपटॉपवर एक हाऊस ट्रॅक (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) करतोय, १२४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांचा. त्यात एका जुन्या गाण्यातली गायिकेची एक ओळ टाकलीये, पण ते गाणं ९६ चं आहे. टेम्पो मॅच केला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि वॉर्प (पिच, म्हणजे स्वराची उंची, तीच ठेवून वेग बदलणारी सोय) बंद करून नुसता स्पीड वाढवला तर खारूताई गायला लागते. ईक्यू, कम्प्रेसर असले आवाज सुधारायचे सगळे उपाय करून झाले. शिवाय मित्र म्हणतो सहा सेकंदांच्या आतलं सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा) फुकट वापरता येतं, खरंय का?
– हेडफोनवाला

उत्तर : आधी हिशोब बघ. ९६ वरून १२४ म्हणजे वेग जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढला, टेपसारखा स्पीड वाढवलास तर पिच साधारण साडेचार सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर जाणार, मग खारूताई येणारच. आणि पिच तोच ठेवायचा म्हटलं तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून परत जोडतं, एवढं आवळल्यावर ते सांधे ऐकू येतात, तोच तुझा पत्र्याचा डबा. ईक्यूने तो जात नाही. त्यात पूर्ण गाण्यातून एआयने आवाज वेगळा काढला असशील तर झांजेची फसफस पण चिकटून आलेली असते, ती आणखी वैताग.

मी काय करेन, तर अख्ख्या ओळीचा नाद सोडून देईन. ओळ लांब होते ती शब्दांमुळे कमी आणि मधल्या श्वासांमुळे, ओढलेल्या स्वरांमुळे जास्त. तर शब्द सुटे काप, त्यांचा वेग मूळचाच राहू दे, शेपट्या छाट आणि प्रत्येक शब्द आपापल्या जागी नेऊन ठेव. आता इथे सगळे एक चूक करतात (मीही वर्षभर केली), क्लिपची सुरुवात बरोब्बर बीटच्या रेषेवर ठेवतात. समज शब्द आहे ‘सांग’. त्यातला ‘स’ सहज शंभर मिलिसेकंद खातो, आणि १२४ ला एक सोळांश नोट (एका बीटचा चौथा भाग) असते १२१ मिलिसेकंदांची, म्हणजे ‘आ’ जवळजवळ एक सोळांश उशिरा येतो आणि गाणारी झोपेत असल्यासारखी वाटते. ‘स’ रेषेच्या आधी जाऊ दे, ‘आ’ किकवर (ड्रमच्या जड ठोक्यावर) पडू दे. कापलेल्या कडांना पाचेक मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) दे, नाहीतर टिक टिक वाजतं. स्केल जुळवायला एखाद-दोन सेमीटोन हलवलंस तर चालतं.

मित्राचं सहा सेकंदांचं गणित मात्र विसर, तेवढ्या भरवशावर ट्रॅक रिलीज करता येत नाही. हक्क दोन असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि एक चाल-शब्दांचा, दोन्हीकडून परवानगी लागते. कुणाकडून ती ओळ परत गाऊन घेतलीस तर पहिला सुटतो, दुसरा नाही. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपच्या ‘राईड ऑन टाईम’मध्ये लोलिएटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेचा १९८० च्या गाण्यातला आवाज होता, व्हिडिओत ओठ हलवायला एक मॉडेल, गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं आणि मग वकील आले, हॉलोवेला पैसे द्यावे लागले, आवाज दुसऱ्या गायिकेकडून परत गाऊन घ्यावा लागला.

परवानगी झेपणारी नसेल तर तयार आवाजांचा रॉयल्टी-फ्री पॅक घे, फक्त लायसन्स वाच आणि तेच व्होकल (गायलेला आवाज) शेकडो लोकांच्या ट्रॅकमध्ये असणार हे धरून चाल. नाहीतर सरळ फोनवर स्वतः गा रे, एवढं कापल्यावर कोण ओळखतंय.