टेलफेअरची सापसुरळी: वाचकांचे प्रश्न

माझी आत्या मॉरिशसमध्ये राहते. तिच्या अंगणात पाली भरपूर, पण तिथली प्रसिद्ध मोठी सापसुरळी एकदाही दिसली नाही. असं का?

मुख्य बेटावरून ती केव्हाच संपली. जहाजांतून आलेल्या उंदीर-मांजरांपुढे तिचा टिकाव लागला नाही. पुढे ती उरली फक्त राउंड आयलंडवर, ईशान्येला साधारण २२ किलोमीटरवर. तिथे उंदीर कधी पोचलेच नाहीत.

ससे तर गवत खातात. मग सापसुरळीसाठी ससे का हटवले?

कारण ते रोपंही खात होते. राउंड आयलंडवर एकोणिसाव्या शतकात शेळ्या आणि ससे सोडले गेले. ताडाची म्हातारी झाडं पडत गेली, नवं एकही वर येईना. उघडी माती पावसाबरोबर समुद्रात गेली, खाली नुसता कातळ राहिला. ही सापसुरळी किडे, फळं, लहान पाली, प्रसंगी स्वतःच्या जातीची पिल्लंही खाते, पण किडे आणि आडोसा दोन्ही पालापाचोळ्यातच मिळतात. शेळ्या १९७९पर्यंत गेल्या, ससे १९८६मध्ये. मग झाडोरा परतला, पण त्याबरोबर बाहेरचं तणही माजलं. ते चरायला २००७मध्ये अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची मोठी कासवं आणावी लागली.

मॉरिशसच्या बेटांवर आपली चिचुंद्रीही पोचली आहे म्हणे. ती तिथे खरंच इतकी घातक आहे?

हो. मॉरिशसजवळच्याच फ्लॅट आयलंडवर २०१०च्या सुमारास चिचुंद्री शिरली आणि केशरी शेपटीची छोटी सापसुरळी, ही वेगळी जात, वर्ष-दीड वर्षात तिथून संपली. आधीच काही पकडून गनर्स कॉइन बेटावर आणि ब्रिटनच्या बाजूच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात हलवल्या, म्हणून ती जात वाचली. चिचुंद्री कीटकभक्षी, त्यामुळे उंदरांसाठी ठेवलेल्या धान्याच्या विषारी आमिषाला ती सहसा तोंड लावत नाही. पिंजऱ्यानेही शेवटची एक पकडणं फार कठीण. टेलफेअरची सापसुरळी मात्र शेपटीसकट ४० सेंटिमीटरपर्यंत भरते. चिचुंद्री असलेल्या इल ओ एग्रेट या छोट्या बेटावरही ती रुजली आहे.

मग ती पाहायची कुठे?

इल ओ एग्रेटवरच, मुख्य बेटावरच्या माहेबूर्ग गावाजवळून होडीने, वाटाड्यासोबत. राउंड आयलंड पर्यटकांना बंद आहे आणि ते योग्यच आहे. निघण्याआधी पिशवी पूर्ण रिकामी करून झटका, बुटांच्या तळव्यातलं आणि मोज्यांना चिकटलेलं बी काढा. सापसुरळी दिसली की बसून राहा, उन्हाला आलेली असेल तर स्वतःच जवळ येते. खाऊ घालू नका. हातात धरू नका, शेपूट तुटतं. नवं फुटतं खरं, पण ते वाढवायला तिची बरीच ताकद खर्ची पडते.