खाडीतल्या बेटावर मुक्कामाला जाताना

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. कोकणातल्या एखाद्या शांत बेटावर, जिथे हॉटेले नाहीत आणि गाव अजून गावासारखे चालते, तिथे तीन-चार दिवस राहावे अशी इच्छा आहे. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे. कुठे आणि केव्हा जावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कोकणातले बेट म्हटले की घारापुरी आणि सिंधुदुर्ग ही दोन नावे प्रथम आठवतात, परंतु आपल्याला हवा तसा निवांत मुक्काम तिथे साधणे कठीण आहे. घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत आणि समुद्राखालून टाकलेल्या केबलने तिथे 2018 मध्ये वीज पोहोचली. तथापि लेणी पाहायला येणाऱ्यांची दिवसभर इतकी वर्दळ असते की वस्तीचे स्वतःचे जगणे पाहुण्याच्या दृष्टीस फारसे पडत नाही. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. तो अवश्य पाहावा, पण मालवणात राहून.

आपल्यासाठी खाडीतली बेटे अधिक योग्य ठरतील. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत चारी बाजूंनी पाणी असलेले जुवे हे लहानसे गाव आहे आणि मालवण तालुक्यात हडीजवळ कालावलच्या खाडीत जुवा-पाणखोल ही वस्ती आहे. माडांची बने, शेतीचे तुकडे, काठावरची तिवरे, जाळे दुरुस्त करत बसलेली माणसे आणि होडीखेरीज दुसरा रस्ता नाही, असे हे जगणे आहे. अशा ठिकाणी फलक लावलेल्या खोल्या शोधू नयेत. काठावरच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आधी विचारणा करावी, एखाद्या घराने होकार दिला तरच मुक्कामाला जावे आणि राहण्या-जेवणाचे किती द्यायचे हे निघण्यापूर्वीच मोकळेपणाने ठरवावे. पाहुण्याकडे पैसे मागायला कोकणातल्या माणसाला संकोच वाटतो. म्हणून हा विषय आपणच काढणे हे सौजन्य आहे.

आता महत्त्वाचे, म्हणजे दिवस निवडणे. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करता मी सुट्टीच्या तारखा बाजूला ठेवून तिथी पाहायला सांगेन. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा आणि अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. ही वेळ दिवसाची तशीच रात्रीचीही असते, आणि खाडीत आत जावे तसतशी भरती थोडी उशिरा पोहोचते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. याचा अर्थ असा की पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास उधाण असताना संध्याकाळी सहाला परतायचे ठरवले, तर पाणी सर्वात खाली गेलेले असते, होडी धक्क्याला लागत नाही आणि घोटाभर, कधी गुडघाभर चिखलातून चालावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते जमणार नाही आणि जमवायचा प्रयत्नही करू नये. उलट अष्टमीपासून दशमीपर्यंतच्या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी राहतो आणि होडीत चढणे-उतरणे पुष्कळ सोपे जाते. त्यातही दुपारची ओहोटी टाळून सकाळी लवकर किंवा तिसऱ्या प्रहरानंतर पार व्हावे. शेवटचा शब्द मात्र होडीवाल्याचा मानावा, कारण खाडीतला गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि ते त्यालाच ठाऊक असते.

ऋतूच्या बाबतीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मी सुचवेन. पावसाळ्यात पार होणे धोक्याचे असते आणि गणपतीत प्रत्येक घर मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांनी भरलेले असते. एप्रिल-मे टाळण्याचे कारण उकाडा हे आहेच, पण त्याहून मोठे कारण पाणी हे आहे. लहान बेटावरच्या विहिरीतले गोडे पाणी म्हणजे जमिनीत मुरलेला पाऊस. तो खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखा तरंगत असतो आणि जास्त उपसा झाला की खारे पाणी वर चढते. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरींचे एवढे कौतुक होते ते याचसाठी. उन्हाळ्यात बेटावरच्या घरात दोन माणसे चार दिवस शहरातल्या सवयीने अंघोळी करू लागली, तर त्याचा भार त्या घरातल्या बाईवर पडतो. हिवाळ्यातही बादलीभर पाण्यात भागवावे.

वीज जाऊ शकते, आणि दवाखाना पाण्यापलीकडे असतो. नेहमीची औषधे, बॅटरी आणि रोख रक्कम पुरेशी जवळ ठेवावी. मालवणकडे जायचे तर कुडाळ किंवा कणकवली आणि जैतापूरकडे जायचे तर राजापूर रोड स्थानकावर उतरावे.

जेवणात जे शिजेल ते आनंदाने घ्यावे. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणि सोलकढी मिळाली तर आपण भाग्यवान आहात. दर जेवणाला सुरमई-पापलेटची अपेक्षा धरू नये, कारण ती मासळी खोल समुद्रातली आहे.

प्रश्न : आम्ही लहान मुलांसह अशाच एका बेटावर जाणार आहोत. तिथल्या मुलांसाठी खाऊ न्यावा का, देवळात जाता येईल का, आणि मुलांना खाडीत पोहू द्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिसेल त्या मुलाला चॉकलेटे वाटत फिरू नये, त्याने मुलांना पाहुण्यांपुढे हात पसरण्याची सवय लागते. ज्या घरी उतराल तिथे खाऊ द्यावा आणि निघताना त्याच घराकडून आमसुले, कुळथाचे पीठ किंवा नारळ योग्य दामाने विकत घ्यावेत.

देवळात जरूर जावे. गाभाऱ्यात पाऊल ठेवण्यापूर्वी मात्र गुरवाला विचारावे, आणि गाऱ्हाणे चालू असताना छायाचित्रे काढू नयेत, कारण त्या वेळी कुणाच्या तरी घरची अडचण देवापुढे मांडली जात असते.

पोहण्याबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. खाडी वरून संथ दिसली तरी ओहोटी लागल्यावर पाणी समुद्राकडे जोराने ओढते, आणि तळाचा गाळ व कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा पायाला इजा करतात. होडीत बसताना प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असावे. होडीत ते मिळेलच असे नाही, म्हणून घरूनच घेऊन निघावे.