वीज आली, कॉम्प्युटर गप्प

प्रश्न: लाइट गेली-आली, तेव्हापासून डेस्कटॉप सुरू होत नाही. पंखा नाही, दिवा नाही. मॉनिटर मात्र लागतो. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) उडाला का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: शक्यता तीच जास्त, पण आधी तपासा. मॉनिटरची पॉवर केबल सीपीयूला लावून पाहा. मग केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. झटक्यामुळे एसएमपीएस नुसता लॉक झाला असेल तर एवढ्यानेच सुटतो.

तरीही ढिम्म? केबल काढूनच मदरबोर्डचा 24 पिनांचा कनेक्टर उपसा. त्यातली एकमेव हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी पेपरक्लिपने जोडा, हात दूर ठेवून वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही, तर तो बहुधा गेलाच. फिरला तरी मल्टिमीटर लावाच: पिवळ्यावर 12, लालवर 5, नारिंगीवर 3.3 व्होल्ट, फरक 5 टक्क्यांच्या आत हवा. आकडे बरोबर असतील, तर कॅबिनेटचं बटण किंवा मदरबोर्ड बघावा लागेल. एसएमपीएस उघडू मात्र नका, आतले कपॅसिटर केबल काढल्यावरही जबर शॉक देतात.

नवा बसवण्याआधी अर्थिंग बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात जमीन पार कोरडी होते आणि अर्थिंग कामातून जातं; खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.