कॅरोटिडमध्ये (मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत) ५० टक्के अडथळा आहे. प्लाक (धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर) 'अस्थिर', म्हणजे फुटण्याजोगा आहे का, हे स्कॅनमध्ये कसं ओळखतात?

नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. अडथळा मध्यम असला तरी प्लाक फुटून पक्षाघात होऊ शकतो. आत काय चाललंय ते बघावं लागतं.

प्लाकवरचं तंतुमय आवरण स्नायूपेशींनी बनवलेल्या कोलॅजनवर टिकतं. त्या पेशी मेल्या आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची विकरं (एन्झाइम) कोलॅजन पोखरू लागली की ते पातळ होतं. शिवाय ऑक्सिजन कमी पडल्याने प्लाकच्या पोटात नव्या केशवाहिन्या उगवतात. त्यांच्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशींचे सांधे कच्चे, त्यामुळे रक्त आतल्या आत झिरपतं. माझ्या मते सगळ्यात वजनदार खूण हीच. चरबीचा सिग्नल दाबून घेतलेल्या एमआरआयच्या टी१ प्रकारच्या प्रतिमेत ताजा रक्तस्राव पांढरा चमकतो.

सोनोग्राफीत चरबीने किंवा रक्ताने भरलेला मऊ प्लाक काळपट दिसतो. कॉन्ट्रास्टचे (प्रतिमा ठळक करणाऱ्या द्रव्याचे) सूक्ष्म बुडबुडे प्लाकमध्ये शिरताना दिसले, तर नव्या वाहिन्या आहेत असं समजतात. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) प्लाकच्या पृष्ठभागावरचा व्रण कळतो. (रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफाइड' शब्द दिसला म्हणून लगेच घाबरू नका, भरीव कॅल्शियमचा प्लाक बहुधा जास्त स्थिर असतो.)

एका डोळ्यापुढे क्षणभर अंधारी आली किंवा एक हात लुळा पडून पुन्हा ठीक झाला, तर मात्र स्कॅनची तारीख बघत बसू नका, त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.