अकराव्या मुलाला 'हो' म्हणण्याआधी

चि. कोऑर्डिनेटरबाईंना,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हाच ओळखलं, नोंदणी बंद झाली आणि पालक सुटले. आपल्या बास्केटबॉल लीगच्या चौथी-पाचवीच्या गटात ६३ मुलं, संघ सहा, एका संघात जास्तीत जास्त दहा. म्हणजे तिघं वेटलिस्टवर. त्या तिघांचे आईबाप म्हणतायत, "एखादं मूल वाढवलं तर काय बिघडतं?" आणि तूही जवळजवळ हो म्हणून बसलीयस.

काय बिघडतं ते मोजून बघ. आपले सामने आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचे, एकूण ३२ मिनिटं. कोर्टवर एका वेळी पाच, म्हणजे वाटायला १६० मिनिटं. संघात आठ मुलं असली तर प्रत्येकी २०, दहा असली तर १६, बारा झाली की १३ मिनिटं २० सेकंद. तेही कोच अगदी धर्मराज असेल तर. सामना चुरशीचा झाला की बाकावरच्या कोपऱ्यातल्या दोघांची मिनिटं आधी जातात.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, हात पोळून सांगतोय. न्यू जर्सीत आल्यावर तिसऱ्याच हिवाळ्यात मी कोच झालो आणि भिडेखातर संघात बारा मुलं घेतली. सगळ्यांना किती चांगला वाटलो! जानेवारीतल्या एका सामन्यात तिसरा क्वार्टर संपताना बाकाकडे बघितलं, तर एक मुलगी जर्सीवर जॅकेट चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून बसली होती. जिममध्ये थंडी नव्हती. आज काही आपला नंबर लागत नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिचे आईवडील मला कधीच काही बोलले नाहीत. फोन करणारे पालक वेगळे आणि मिनिटं गमावणारी मुलं वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं.

दहाचा आकडा काही पवित्र नाही हं. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथने हा खेळ काढला तेव्हा वर्गात अठरा जण होते, म्हणून त्याने नऊ विरुद्ध नऊ खेळवले. पाचाचं गणित पुढे काही वर्षांनी बसलं. तेव्हा तूही आधी मुलं मोज, मग संघ पाड. आपण उलटं करतो: गेल्या वर्षी सहा होते म्हणून यंदाही सहा.

सात कर. सात नवे त्रेसष्ट! शनिवारी सहा संघांचे तीन सामने होतात, सात झाले तरी तीनच, एका संघाला सुट्टी. म्हणजे सामन्यांसाठी शाळेकडे जिमचा जादा तास मागायला नको. सुट्टीवाले पालक कुरकुरतील, कुरकुरू देत. सरावाला दोन संघ अर्धं-अर्धं कोर्ट वाटून घेतील. आठ संघ करायच्या मोहात मात्र पडू नकोस. एका संघात सातच येतील, आणि जानेवारीत फ्लूची साथ आली की तिथला कोच पाच मुलं जमवायला सकाळी सातला फोन करत बसेल.

अडचण सातव्या कोचची. तो त्या वेटलिस्टवरच्या तीन घरांतच शोध. "मूल घेते, पण संघ तुम्ही सांभाळायचा," असं म्हणून बघ. माझे दोन उत्तम कोच असेच मिळालेत. पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो, तेव्हा हा फोन आजच.

नऊ जणांना कसं खेळवायचं ते कोचना कागदावर दे, तोंडी नको. चार-चार मिनिटांच्या आठ पाळ्या, पाळीला पाच, म्हणजे ४० जागा. प्रत्येकाला चार, उरल्या चार. त्या या शनिवारी चौघांना, पुढच्या शनिवारी दुसऱ्या चौघांना. तक्ता सामन्याआधी भरायचा. सामना सुरू झाला की आपण सगळे धृतराष्ट्र.

आता वाटणी. आमच्या लहानपणी गडी कसे वाटायचे, तुझ्या बाबांना विचार. दोन सारख्या ताकदीची पोरं खांद्यावर हात टाकून बाजूला जायची, गुपचूप नावं ठरवून यायची आणि कॅप्टनला विचारायची, "वाघ हवा की सिंह?" कॅप्टनला काहीही मिळो, वाटणी बरोबरीची. तुमचा नागमोडी ड्राफ्ट, म्हणजे कोचनी पाळीपाळीने एकेक मूल निवडायचं, पहिल्या फेरीत एक ते सात आणि दुसऱ्या फेरीत सात ते एक, त्याच जातीचा. पण आमच्याकडे जोडी मुलंच लावायची, आणि ती एकमेकांना चांगली ओळखून असायची. तुमच्याकडे ड्राफ्टआधीच्या चाचणीत मुलांना गुण कोच देतात, आणि तिथेच पाणी मुरतं. एखादा कोच स्वतःला हवा असलेला मुलगा चाचणीला येऊच देत नाही, म्हणजे त्याला गुण नाहीत आणि शेवटच्या फेरीत तो अलगद पदरात. म्हणून न आलेल्याला गेल्या वर्षीचे गुण धर. तेही नसतील तर चिठ्ठी टाक. कोचच्या मुलाला पाचपैकी पाच गुण असतील तर त्या कोचची पहिली फेरी गेली, असं आधीच जाहीर कर. आणि असिस्टंट कोचची नावं ड्राफ्ट झाल्यावरच घे. नाहीतर गावातल्या सगळ्यात उंच मुलाच्या वडिलांना एकाएकी कोचिंगची आवड निर्माण होते.

उंचीवर फार जाऊ नकोस, या वयात ती वर्षभरात बदलते. कुणाला डाव्या हाताने ड्रिबल करता येतं ते बघ.

'अमक्याच्याच संघात टाका' अशा विनंत्यांचं म्हणशील तर एका मुलाला एकच नाव, आणि तेही दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असेल तरच. अशा दोघांना ड्राफ्टमध्ये जोडी म्हणून धरायचं, दोन फेऱ्या खर्ची. गाडीची सोय हे कारण मैत्रीच्या वर ठेव. रात्रपाळी करणाऱ्या आईचं मूल शेजाऱ्याच्या गाडीतूनच येणार, ते तुटलं तर ते येणारच नाही. आणि हो, आपल्या गणेशोत्सवातली मंडळी तुला गाठतील, "आपली पाचही पोरं एकत्र टाक ना गं." मला त्यांना नाही म्हणणं सगळ्यात जड गेलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला जायचं होतं. गेलो. आमटीत मीठ जरा जास्त होतं, बाकी काही नाही.

ज्यांनी विनंतीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, ती नावं वेगळ्या रंगाने रंगव. नुकतंच गावात आलेलं मूल बहुतेक त्यांतच सापडतं. त्याच्या संघात त्याच्या शाळेचं एक तरी पोर आहे ना, एवढं ड्राफ्टच्या रात्री तूच बघायचंस. ते बघणारं दुसरं कुणी नसतं.

माझी जुनी एक्सेल पाठवतोय. पिवळ्या रकान्यातली सूत्रं बदलू नकोस. आणि डिसेंबरात पहिल्या शनिवारी मी स्कोअरटेबलवर बसायला येतो. तो बझर अडकतो, डावीकडून थोपटावा लागतो.

तुझा,
काका