किलोच्या चाळीस पोळ्या

"मॅडम, हिला सायन्स झेपत नाहीये हो. आर्ट्सला घालू का?" अकरावीची पहिली चाचणी झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी विचारणारी आई सिंहगड रस्त्याला पोळी-भाजीचे डबे करून देते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). लेक मराठी माध्यमातून चांगल्या मार्कांनी दहावी झालेली, आता केमिस्ट्रीत वीसपैकी चार.

मी पेपर बघायला मागितला. प्रश्न असा (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक, डझनासारखं): 0.025 मोल हायड्रोक्लोरिक आम्ल हवं असेल, तर त्याचं 0.1 मोलर द्रावण किती घ्यावं लागेल? तिनं दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून 0.0025 लिहिलं होतं. पुढे एकक नाही, आणि खाडाखोडीनं कागद फाटलेला.

"सूत्रच आठवलं नाही," ती पुटपुटली. दहावीपर्यंतचं 'आकारमान' आता 'व्हॉल्यूम' झालं होतं, 'संहती' 'कॉन्सन्ट्रेशन' झाली होती, आणि वर्गात विचारायची लाज वाटत होती. मराठी माध्यमातल्या मुलांचं हे दुखणं मी दर वर्षी बघते. त्यालाच लोक 'डोकं नाही' म्हणतात, तेव्हा जीव तुटतो.

सूत्र बाजूला ठेवलं. विचारलं, "एक किलो कणकेच्या पोळ्या किती?"

"चाळीस."

"शंभराची ऑर्डर आली तर?"

"अडीच किलो." क्षणाचाही विचार नाही.

"आणि दहाच हव्या असतील?"

"पाव किलो."

"बरं, 0.1 मोलर म्हणजे एका लिटर द्रावणात 0.1 मोल. तुला हवेत 0.025."

ती पेपरकडे बघत राहिली. मग हळूच, "पाव लिटर? 250 मिली?" मोलला मोलरतेनं भागायचं, हे नंतर तिनंच मांडलं. तिचं जुनं उत्तर लिटरमध्ये धरलं तर जेमतेम अडीच मिली, चहाचा अर्धा चमचा. ते पाहून तीच म्हणाली, "एवढ्यात कसं बसेल?"

आईला सांगितलं, एका धड्यावरून शाखा ठरवू नका. दिवाळीपर्यंत रोज दोनच गणितं, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून, आणि दोन्ही भाषांतल्या शब्दांची एक वही. तेव्हाही मन रमत नसेल तर आर्ट्सबद्दल मोकळेपणानं बोलू. आर्ट्स ही काही हरलेल्यांची जागा नाही.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. 'कॉन्सन्ट्रेशन'समोर 'संहती' लिहिलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात: किलोला चाळीस.