वाचक विचारतात : गोष्टीला फाटे फुटतात तेव्हा

प्रश्न : कर्नल फेअर विषप्रयोग प्रकरणावर (बडोदे, 1874 : इंग्रज रेसिडेंट फेअरला विष देण्याचा प्रयत्न झाला आणि आळ महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला) मी ट्वाइन या सॉफ्टवेअरमध्ये संवादी कथा, म्हणजे वाचकाने पुढची वाट स्वतः निवडायची अशी कथा, लिहितो आहे. रेसिडेन्सीतला हवालदार, स्वतः फेअर आणि मल्हारराव गायकवाडांच्या दरबारातला एक कारकून, असे तीन निवेदक. शंभरावर पॅसेज (कथेचे दुव्यांनी जोडलेले तुकडे) झाले तरी कथा चौकशी आयोगापर्यंत पोचत नाही. ज्यांनी वाचली ते म्हणतात, ‘तिघंही तेच तेच सांगतात.’ काय चुकतंय?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दुखणी दोन आहेत. पहिलं निव्वळ गणिताचं. दर पॅसेजला दोन पर्याय दिले आणि वाटा कुठेच जोडल्या नाहीत, तर आठ निवडींनंतर 256 शेवट आणि एकूण 511 पॅसेज होतात. पॅसेज 200 शब्दांचा धरला तर लाखावर शब्द लिहायचे. वाचणारा त्यातले नऊ पॅसेज, म्हणजे 1,800 शब्द वाचून उठणार. मग लिहिणाऱ्याचा हात आखडतो आणि पुढचे पॅसेज पातळ होत जातात.

वाटा फुटू द्या, पण दोन-तीन निवडींनंतर त्या एका पॅसेजवर आणून मिळवा. तुमच्या विषयात या गाठी आयत्याच आहेत : 9 नोव्हेंबरचा पपनसाच्या सरबताचा पेला, जानेवारी 1875 मधली महाराजांची अटक, फेब्रुवारीत बसलेला आयोग, एप्रिलमधली पदच्युती. वाचकाने काहीही निवडलं तरी पेला टेबलावर येणारच. मल्हारराव सुटले, असले फाटे काढूच नका. निवड हवी ती कोण काय पाहतो, काय बोलतो आणि काय पोटात ठेवतो याची.

जोडलेल्या वाटेला मागचं आठवलं मात्र पाहिजे. हवालदाराने खोलीत कुणाला पाहिलं की मान फिरवली, हे एका व्हेरिएबलमध्ये (वाचकाची निवड लक्षात ठेवणाऱ्या नोंदीत) ठेवा. पुढचा पॅसेज दोन्ही निवडींना एकच असू दे. पण त्यातलं एखादं वाक्य बदलावं आणि आयोगापुढे त्याला एक जास्तीचा जबाब देता यावा. निवडीचा पडसाद तीन-चार पॅसेजच्या आत दिसला नाही, तर वाचक ओळखतो की बटणं शोभेची आहेत. मग तो न वाचताच दाबत सुटतो.

दुसरं दुखणं जास्त खोल. तुम्ही पेल्याचा प्रसंग तीनदा पूर्ण लिहिला असणार. आधी कागदावर प्रत्येकापुढे तीन रकाने आखा : त्याला काय ठाऊक आहे, त्याचा कुठला समज चुकीचा आहे, तो काय दडवतो. फेअरने दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकलं, मग पेल्यातला गाळ त्याला दिसला. हा प्रसंग सविस्तर त्याच्याच वाटेवर ठेवा. कारकुनाने पेला पाहिलेलाच नाही. त्याच्याकडे खर्चाच्या नोंदी आहेत आणि बाजारातली कुजबुज. निवेदक बदलल्यावर वाचकाला आधीचा एखादा ग्रह सोडावा लागत नसेल, तर तो प्रसंग खुशाल उडवा. भाषा बदलली, हे कारण पुरेसं नाही.

आणि ‘खरा गुन्हेगार’ सांगणारं पान नको. आयोगच दुभंगला होता. तिघा इंग्रज सदस्यांना गुन्हा शाबीत वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव यांना वाटला नाही. शेवटी वाचकालाच मत द्यायला लावा, पण कारणं तेवढीच दाखवा जेवढी त्याच्या वाटेवर त्याला सापडली. हवालदाराची वाट न चाललेल्याला हवालदाराचा पुरावा दिसता कामा नये.

प्रश्न : दुवा दाबला की कोरं पान येतं. मजकूर तर लिहिलेला आहे!
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दुव्यातलं नाव पॅसेजच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळावं लागतं. एकीकडे ‘रेसिडेन्सी’ आणि दुसरीकडे ‘रेसिडेंसी’ लिहिलंत की ट्वाइन ते नवं नाव समजतं आणि कोरा पॅसेज तयार करतं. वेलांटी, अनुस्वार आणि शेवटी राहिलेली मोकळी जागा आधी तपासा. नावं ‘ह-03’, ‘फ-07’ अशी आखूड ठेवली तर ही कटकट बरीच कमी होते. ट्वाइनमधल्या कथेच्या नकाशात ज्या चौकोनातून एकही बाण निघत नाही आणि जो तुमचा शेवटही नाही, तो बहुधा असलाच भुताटकीचा पॅसेज असतो. तुम्ही ब्राउझरमध्येच लिहीत असाल, तर कथा ब्राउझरच्या साठ्यात राहते. तो साफ केलात की गेली. काम संपवताना दरवेळी फाइल उतरवून घ्या.